पाच वाजेपर्यंत

"देऊन टाका म्हणतो मी! आजच्या आज देऊन टाका." म्हाताऱ्या ऑरिन टेटने काउंटरवर पंजा आपटला. "एकवीस वर्षांचा पोरगा. थोरल्या संघासाठी अजून एकही चेंडू टाकलेला नाही त्यानं. आणि बदल्यात कोण येतंय? कॅस ऑर्डवे! या मोसमात एकतीस होमरन मारलेला गडी. यात विचार करण्यासारखं आहे तरी काय?"

"विचार करायला डोकं लागतं," खिडकीशी उभा असलेला हॉयट म्हणाला. त्याचा ओट्सने भरलेला ट्रक बाहेर वजनकाट्यावर उभा होता; पण पावती मिळाली तरी तो लगेच हलणार नव्हता. "ऑर्डवे चौतीसचा झाला. अजून दोन वर्षांनी त्याला जिना चढवणार नाही. युडीस पुढची दहा वर्षं चेंडू टाकेल. पेरायचं बी दळून खायचा प्रकार आहे हा."

"दहा वर्षं! मी चौऱ्याहत्तरचा आहे, हॉयट. दहा वर्षांनी मला कुठं येऊन सांगशील, जिंकलो म्हणून?"

"येईन की. फुलं घेऊन येईन."

काचेमागे बसलेल्या मार्लीस ब्रंटने आकडा वाचला, पावती फाडली आणि खिडकीच्या फटीतून हॉयटकडे सरकवली. धान्यकोठारांच्या या आवारात ती अठ्ठावीस वर्षे वजनकाट्यावर बसत होती. ट्रक भरलेला आला की एकदा, धान्य ओतून रिकामा झाला की पुन्हा एकदा. मधला फरक म्हणजे शेतकऱ्याचे धान्य. या दोन आकड्यांवरून आजवर कुणी तिच्याशी हुज्जत घातली नव्हती. हुज्जती होत त्या फक्त लॅम्पलायटर्सवरून.

लॅम्पलायटर्स हा शहरातला बेसबॉलचा थोरला संघ. तो एक्केचाळीस वर्षांत एकदाही अजिंक्य ठरला नव्हता. गावातला धाकटा संघ त्याच्याच मालकीचा. पोरे इथे तयार व्हायची आणि त्यातली शंभरातली दोन-चार तिकडे जायची. आज जुलैची एकतीस तारीख होती. संध्याकाळी पाचला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती. त्यानंतर या मोसमात कुणी कुणाला देऊ-घेऊ शकणार नव्हते. आठवडाभर रेडिओवर एकच चर्चा चालू होती: युडीस आल्मान्सार हा चेंडू टाकणारा पिचर आणि आणखी दोन पोरे देऊन ऑर्डवेला आणायचे की नाही.

"मार्लीस, तू बोल की," ऑरिन काचेशी वाकला. "तुझ्याच घरात जेवतो तो. तुझ्या मते तो ऑर्डवेच्या तोलाचा आहे का?"

"मी ट्रकचं वजन करते, ऑरिन. माणसांचं नाही."

"बघा, ही असं बोलते तेव्हा तिला काहीतरी ठाऊक असतं!"

हॉयट हसला. मार्लीसही हसल्यासारखे करत, हॉयटला काट्यावरून ट्रक काढायची खूण करून वळली. काचेवर तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता.

धाकट्या संघातल्या पोरांना मिळणाऱ्या पगारात भाड्याची खोली परवडत नसे. गावातली काही घरे उन्हाळ्याचे पाच महिने एकेक पोर ठेवून घेत. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी मार्लीसने पहिला मुलगा ठेवला, त्याला आता एकोणीस उन्हाळे झाले होते. जाताना प्रत्येक जण स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराआड पेन्सिलीने आपले नाव लिहून जाई. त्यासाठी एक पेन्सिल तिथे दोरीला टांगलेली असे. अठरा नावे झाली होती. त्यांतली तीन थोरल्या संघापर्यंत पोचली.

युडीस एप्रिलमध्ये आला तेव्हा त्याला पंचवीसएक इंग्रजी शब्द येत होते, आणि ते सगळे बेसबॉलचे होते. तो तिला "दोन्या मार्लीस" म्हणे. त्याच्या बेटावर वडीलधाऱ्या बाईला असेच म्हणतात. ती कामावरून येण्याआधी तो भांडी घासून ठेवी. रविवारी आईला फोन लावून तो मार्लीसच्या हातात देई आणि दोन्ही बायका एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत दहा मिनिटे हसत बोलत.

शुक्रवारी सकाळी अंड्यांवर मीठ घालताना त्याने डावा हात वापरला.

मार्लीसने ते पाहिले आणि स्वतःला समजावले, असेल काहीतरी. शनिवारी मुरंब्याच्या बरणीचे झाकण त्याने गुडघ्यांत बरणी धरून डाव्या हाताने काढले. रविवारी फोनही डाव्या कानाला होता. आज सकाळी तिने मिठाची बाटली मुद्दाम ताटाच्या उजव्या बाजूला ठेवली. त्याचा डावा हात ताटावरून पलीकडे गेला.

"किती दिवस दुखतंय?" तिने विचारले.

त्याने बाटली खाली ठेवली.

"दोन्या, आज पाच वाजेपर्यंत," तो म्हणाला. "पाचनंतर कुणालाही सांगा. पाचपर्यंत नाही."

"आणि सातला सामना आहे. त्यात तू टाकणार?"

"टाकणार. कमी टाकेन." मग घाईघाईने, तुटक वाक्यांत त्याने सगळे सांगितले. ऑर्डवेच्या संघाकडे पिचरच नाहीत. त्यांनी त्याला घेतले तर लगेच त्यांच्या थोरल्या संघात घालतील, याच आठवड्यात. तिथे एक दिवस जरी नाव लागले तरी माणूस वेगळा होतो; मग हात दुखला तरी ते त्याला सांभाळतील, पगार देतील. इथे धाकट्या संघात हात दुखला तर काय होते ते त्याने पाहिले होते. मार्चमध्ये सरावशिबिरात त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाला विमानाचे तिकीट देऊन परत पाठवले होते. "आईला वाटतं, मी आधीच मोठा झालो," तो म्हणाला. "दोन्या, फक्त पाचपर्यंत."

तिच्या न बोलण्याचा अर्थ त्याने होकार असा घेतला, आणि उठताना तिच्या डोक्यावर ओठ टेकवून तो मैदानावर गेला.

साडेअकराच्या सुमारास ग्रेडी पुलियम आपली टायरची गाडी घेऊन आला. आवारातल्या धान्य उचलणाऱ्या लोडरचे चाक बसले होते. ग्रेडी हे कपाटाच्या दारावरचे आठवे नाव. अकरा वर्षांपूर्वी तोही मार्लीसच्या घरी राहत होता, तोही पिचर होता आणि त्याच्याबद्दलही रेडिओवर बोलले जाई. आता तो गावातच टायर विकत असे. गावातल्याच मुलीशी लग्न केलेले, दोन मुली. त्याचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे. तो चाकावर वाकला की हात कुऱ्हाडीच्या वाकड्या दांड्यासारखा दिसे.

"आला बघ जाणकार!" ऑरिन ओरडला. "ग्रेडी, सांग या हॉयटला. द्यायचा की ठेवायचा?"

"मला द्यायचं की ठेवायचं म्हणून चार दिवस असंच भांडत होता तुम्ही," ग्रेडी हात पुसत म्हणाला. "इथंच बसून. मी तिकडं चेंडू टाकत होतो आणि इकडं माझा लिलाव चालला होता."

"मी ठेवा म्हणत होतो!" हॉयट म्हणाला.

"हो ना. ठेवलंत. आता चाकं काढतोय तुमची."

सगळे हसले. ऑरिन सर्वात मोठ्याने हसला आणि मग थोडा ओशाळून टोपी नीट करू लागला.

मार्लीस काचेमागून उठली. काट्यावर त्या वेळी ट्रक नव्हता. ती लोडरपाशी जाऊन ग्रेडीच्या बाजूला उभी राहिली. त्याने वर पाहिले.

"काय गं मॉम? अशी पांढरी का पडलीस?"

"ग्रेडी, तू त्या उन्हाळ्यात मला सांगितलं होतंस ना, की दुखतंय पण कुणाला बोलू नकोस?"

पाना त्याच्या हातातच राहिला. अकरा वर्षांत हा विषय त्यांच्यात कधी निघाला नव्हता. ती त्याच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली होती, त्याच्या मुलींना तिने पायमोजे विणून दिले होते. पण तो सामना, सहावा डाव आणि स्टँडमध्ये आठव्या रांगेपर्यंत ऐकू आलेला त्याच्या कोपराचा तो आवाज यांच्याविषयी दोघे कधी बोलले नव्हते.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मी तेव्हा तुमच्या फिजिओला जाऊन सांगितलं असतं तर?"

ग्रेडीने एक नट घट्ट केला. मग दुसरा.

"मी जन्मात तुझ्याशी बोललो नसतो," तो म्हणाला.

"आणि हात?"

त्याने कोपराकडे पाहिले नाही. "हात असता."

मार्लीस परत येऊन खुर्चीत बसली. बाहेर एक ट्रक काट्यावर चढला. आकडे थरथरले आणि थांबले. तिने ते वाचले, पावती दिली. ऑरिन आणि हॉयट आता ऑर्डवेच्या गुडघ्यांवर आले होते. तिने टेबलाखालच्या कप्प्यातून धाकट्या संघाचे वेळापत्रक काढले. त्याच्या मागच्या बाजूला मुले ठेवणाऱ्या घरांसाठी फोन नंबर छापलेले असत: ताप आला तर, अपघात झाला तर. तिने टेबलावरचा फोन उचलला आणि दोघांकडे पाठ केली.

फिजिओचे नाव बोवेन होते. तिने आपण कोण ते सांगितले.

"युडीसचं उजवं कोपर दुखतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारपासून तरी. कदाचित त्याआधीपासून."

"हे त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"त्यानं मला सांगू नका म्हणून सांगितलंय."

"तुम्हाला कशावरून वाटलं?"

"तो मीठ डाव्या हातानं घालतो."

बोवेन हसेल अशी तिला भीती होती. तो हसला नाही. "बरं केलंत," एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे तो काय करणार, कुणाला सांगणार, हे त्याने सांगितले नाही. आणि ते विचारायचे तिला सुचले नाही.

दीड वाजता हॉयटच्या फोनवर बातमी आली, आणि रेडिओने ती लगेच उचलली. आज रात्री युडीस आल्मान्सार पिचिंग करणार नाही. त्याच्या जागी दुसरा मुलगा. कारण दिलेले नव्हते.

ऑरिन उठून उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. "झाला सौदा. बसवला त्याला."

हॉयटने वाद घातला नाही. त्यालाही तेच वाटत होते. अदलाबदलीच्या दिवशी एखाद्या खेळाडूला आयत्या वेळी बाहेर बसवले, तर त्याचा अर्थ गावातले शेंबडे पोरही सांगू शकत असे: संघाने त्याला द्यायचे ठरवले आहे आणि हातचा माल शेवटच्या घटकेला फुटू नये म्हणून जपून ठेवला आहे. ज्या ज्या वेळी असे झाले होते, त्या त्या वेळी संध्याकाळपर्यंत तो खेळाडू गेला होता. ऑरिनने बहिणीला फोन लावला. मग मुलाला, दूर टेक्सासमध्ये. "ऑर्डवे येतोय," तो प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "अरे, बसवलं पोराला! तू ऑक्टोबरमध्ये अंतिम सामन्यांसाठी सुट्टी काढ, काय वाटेल ते कर, पण ये. आपण जाऊ. व्हीलचेअरवर न्यावं लागलं तरी मी येणार."

फोन ठेवून तो मार्लीसकडे वळला. "तुला वाईट वाटत असेल गं. कळतं मला. चांगला पोरगा आहे. पण तिकडं त्याचंही भलंच होईल. आपलंही होईल. असं दोन्ही बाजूंनी किती वेळा होतं?"

"बरोबर आहे," मार्लीस म्हणाली.

ती खरोखर गोंधळली होती. बोवेनने सांगितले म्हणून त्याला बसवले, की सौदा झाला म्हणून? दीड वाजायच्या आत हे सगळे होऊ शकते का? बोवेनने तिचा फोन मनातच ठेवला असेल का? एका अर्थाने तसे व्हावे असेही तिला वाटून गेले. म्हणजे युडीस जाईल, त्याची आई हसेल, ऑरिनला त्याचा ऑक्टोबर मिळेल, आणि तिने फोन केला होता हे कुणाला कधी कळणार नाही. मग तिच्या कानात तो सहाव्या डावातला आवाज घुमला. कोरडी फांदी मोडावी तसा. पुढचा ट्रक रिकामा होऊन काट्यावर चढला तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा आकडा दोनदा वाचला, आणि तरीही तिसऱ्यांदा वाचावा लागला.

तीन वाजले. चार वाजले. कुणीतरी लांबच्या बेकरीतून चेरीचा पाय, म्हणजे फळ भरून भाजलेला केकसारखा गोड पदार्थ, आणला होता. ऑरिनने तो कापू दिला नाही. "पाच वाजता," तो म्हणत राहिला, "पाचला कापू." हॉयट ट्रक रिकामा करून गेला, दुसरी खेप घेऊन आला आणि पुन्हा खिडकीशी उभा राहिला. पावणेपाचला हॉयटने रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवरचा माणूस इतर संघांचे छोटे-मोठे सौदे वाचत होता. अनोळखी नावे, अनोळखी गावे.

पाचला तीन मिनिटे असताना त्याने ऑर्डवेचे नाव घेतले. ऑर्डवे गेला होता. दुसऱ्याच संघाकडे, पश्चिमेला. लॅम्पलायटर्सशी ठरत आलेली बोलणी शेवटच्या काही तासांत फिसकटली, असे तो म्हणाला. का, ते कळू शकले नव्हते.

हॉयटने ऑरिनकडे पाहिले. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी तो भांडला ती झाली होती. पावती खिशात घालून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्याला नुसता हात लावला आणि तो ट्रककडे निघून गेला.

ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण बसवलं होतं त्याला," तो म्हणाला. "मग बसवलं कशाला?"

मार्लीस काचेमागून बाहेर आली. त्याच्यासमोरच्या बाकावर बसली.

"ऑरिन, मी फोन केला होता. त्यांच्या फिजिओला. पोराचा हात दुखतोय."

तो तिच्याकडे बघत राहिला. वय झालेल्या माणसाचे डोळे असे एकदम रिकामे होताना तिने एकदाच पाहिले होते, इस्पितळात.

"खांदा?" त्याने विचारले.

"कोपर."

"ग्रेडीसारखं?"

"तसं व्हायच्या आधी."

रेडिओ चालूच होता. ऑरिनने वाकून तो बंद केला. पायचा डबा त्याने उघडला नाही, तसाच तिच्याकडे सरकवला.

"घरी घेऊन जा. त्याला दे." मग उठता उठता तो म्हणाला, "आणि हे कुणाला सांगत बसू नकोस. हॉयटला तर मुळीच नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." दाराशी तो थांबला. त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि हातातच धरून बाहेर पडला.

मार्लीस घरी पोचली तेव्हा युडीसची बॅग जिन्याच्या खालच्या पायरीवर होती. तो स्वयंपाकघरात उभा होता. सहाला संघाची गाडी येणार होती. रात्री शहरात मुक्काम, सकाळी थोरल्या संघाच्या डॉक्टरांकडे तपासणी. हे त्याने तिला सांगितले नाही. तिच्यासाठी संघाने फोनवर ठेवलेला निरोप तिने ऐकला होता.

"बोवेननं हात नुसता धरला," तो म्हणाला. "काही विचारलं पण नाही. नुसता धरला, आणि मला घाम फुटला."

"हो."

"तुम्ही सांगितलंत."

"मी सांगितलं."

"पाचपर्यंत थांबा म्हणालो होतो मी." आवाज चढला नव्हता. "एवढंच म्हणालो होतो."

ती माफी मागणार होती. गाडीत येताना तिने शब्दही जुळवले होते. पण ते खोटे झाले असते. तिला वाईट वाटत होते, केल्याचा पश्चात्ताप नव्हता. आणि हा फरक त्याच्या मोजक्या शब्दांत किंवा तिच्या सगळ्या शब्दांत बसण्यासारखा नव्हता. तिने चेरीचा पाय टेबलावर ठेवला. एक मोठा तुकडा कापून कागदात बांधला. तो त्याने घेतला नाही.

कपाटाचे दार अर्धवट उघडे होते. दोरीला टांगलेली पेन्सिल दिसत होती. युडीसने तिकडे पाहिले, आणि मग मुद्दाम दुसरीकडे. मार्लीसने पुढे होऊन दार लोटून घेतले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

तो जिन्याशी गेला. बॅग उजव्या खांद्यावर टाकायची त्याची सवय होती, आणि आजही त्याने पट्टा उजव्याच खांद्यावर ओढला. चेहरा हलू न देता तो दारापर्यंत गेला. अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर तो थांबला. गाडीतला माणूस आत बसल्या बसल्या फोनवर काहीतरी बघत होता. रस्त्यावर दुसरे कुणी नव्हते.

तिच्याकडे न बघता युडीसने बॅगेचा पट्टा खांद्यावरून उतरवला आणि डाव्या हाताने बॅग तिच्यापुढे धरली.

मार्लीसने ती घेतली. आयुष्य काट्यावर गेलेल्या बाईला वजनाचा अंदाज लगेच येतो. पंचेचाळीस पौंड तरी असतील. वरच्या मजल्यावरून तो ती एकट्याने घेऊन आला होता. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि त्याच्या एक पाऊल मागे राहून, सावकाश, ती गाडीपर्यंत चालत गेली.